डेलचं रान, आमच्या सुऱ्या

सुरीला धार लावताना दगडावर काळा चिखल साठतो. पुसला तर फडक्याला लागतो, फडकं धुतलं तर सिंकला लागतो, आणि सिंक घासायला घेतलं की नवरा म्हणतो, "राहू दे, मी करतो," आणि आणखी पसरवून ठेवतो. दर शनिवारी आम्ही गॅरेजमध्ये धार लावत बसतो, तिथले किस्सेही असेच साठलेत. कुणी जेवायला आलं की एक सांगते, त्यातून दुसरा निघतो, आणि पाहुण्यांचा भात गार होतो. आज सगळेच सांगून टाकते. भात गार झाला तर मायक्रोवेव्ह आहे.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. आम्ही राहतो स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावाच्या बाहेर, जिथवर कॅम्पसची बस येत नाही, पण हरणं मात्र टोमॅटोची रोपं खायला रोज येतात. मी रेखा, मूळची मालवणची, युनिव्हर्सिटीत आयटीत आहे. माझा नवरा अवि पुण्याचा, धातूंच्या लॅबमध्ये असतो, जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. धनंजय, म्हणजे आमचा धनू, नागपूरचा. घरून सॉफ्टवेअर लिहितो आणि उरलेल्या वेळात ऑनलाइन सुऱ्या घेतो. आणि चौथी माझी आई. बाबा गेल्यावर ती कायमची इकडे आली. येताना बॅगेत साड्या कमी भरल्या आणि घडीची विळी आणली.

उन्हाळ्यात आम्ही मासे धरतो आणि फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, हरणाच्या शिकारीला जातो. लोक नाकं मुरडतात. मुरडू देत. एका काकूंनी मला भर पार्टीत विचारलं, "मराठी बायका असलं काही करतात का गं?"

मी म्हटलं, "एक तर करते. आता तुम्ही पुढे मोजा."

*

इथे शिकारीसाठी सरकारी जंगलं आहेत, लायसन्स असेल त्याला मोकळी. मी रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. बंदूक घेऊन व्हिसाची भानगड नको म्हणून क्रॉसबो, म्हणजे चाप ओढून बाण सोडायचं धनुष्य, घेतला. नारिंगी टोपी घातली. एवढं सगळं करूनही त्या जंगलात जो भेटेल तो मला एकच विचारायचा.

"हरवलात का?"

प्रेमानेच विचारायचे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्यापासून दहा पावलांवर तसलीच टोपी घालून एखादा गोरा बाप्या उभा असायचा, त्याला कोणी विचारायचं नाही. मला राग यायचा. आणि राग आला की मला हरण दिसत नाही, फक्त झाडं दिसतात.

एकदा अविशिवाय धनूही बरोबर होता. त्याने त्या आठवड्यात नवी सुरी घेतली होती. सुरी कसली, कोपरापर्यंत पोहोचेल एवढं पातं, पाठीवर करवतीचे दात, आणि मुठीच्या टोकाला होकायंत्र.

"वहिनी, पाहा तर खरं," तो म्हणाला. "आता रस्ता चुकायचा प्रश्नच नाही राहिला."

आम्ही होकायंत्राप्रमाणे चालत राहिलो. बराच वेळ चाललो. गाडी काही येईना. शेवटी अवि थांबला, त्याने सुरी हातात घेऊन उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली, आणि म्हणाला, "धनू, पातं पोलादाचं आहे. सुई पात्यालाच धरून बसलीय. तू जिकडे सुरी करशील तिकडे हिची उत्तर दिशा."

तेवढ्यात समोरून एक शिकारी आला. आमच्याकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं, आणि अगदी काळजीने विचारलं, "हरवलात का?"

अवि तोंड उघडणार, इतक्यात मी म्हटलं, "नाही. फिरतोय."

तो गेला. आम्ही अंधार पडेपर्यंत फिरलो. धनू आजही म्हणतो की त्या दिवशी रस्ता चुकला नाही, वहिनीने चुकवला. म्हणू दे. मला पुन्हा कोणी विचारलं तरी मी तेच उत्तर देईन.

*

आमच्या गल्लीच्या टोकाला डेलचं घर आहे. सत्तरी ओलांडलेला, एकटा राहतो. घरामागे त्याचं स्वतःचं रान. ओक-हिकरीची झाडं, मधून एक ओढा, आणि ओढ्यावर हरणांची ये-जा. त्या 'फिरतोय'च्या दुसऱ्या दिवशी मी सरळ त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

"तुझ्या रानात शिकार करायला परवानगी देशील का?"

डेलने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, "पाडाल तुम्ही हरण. ते काय, कोणीही पाडतं. पण पुढचं तुमच्या लोकांना जमणार नाही."

तुमच्या लोकांना! माझं डोकंच फिरलं.

"पुढचं म्हणजे?"

पुढचं म्हणजे साफ करणं. हरण पडलं की जागच्या जागी त्याचं पोट उघडून आतलं सगळं काढावं लागतं, नाहीतर मांस खराब होतं. सुरी आतड्याला लागली तरी गेलं. डेलचा आयुष्यभराचा अनुभव असा की नवशिके हरण पाडतात, मग घाबरतात, मग याच्या दाराशी येतात, आणि हा पायात बूट घालून निघेपर्यंत सगळं वाया जातं.

"माझ्या रानात एकच नियम," तो म्हणाला. "आपलं हरण आपल्या हाताने साफ करायचं. हाक मारायची नाही. ज्याने हाक मारली, त्याचं त्या सीझनचं रान संपलं."

"मंजूर," मी म्हटलं.

त्या रानात मला कोणी 'हरवलात का' विचारणार नव्हतं. मला तेवढंच हवं होतं. मांस काय, दुकानातही मिळतं.

परवानगीचं ऐकून धनू आपल्या सगळ्या सुऱ्या एका पेटीत घालून डेलला दाखवायला घेऊन गेला. डेलने पेटी उघडली, होकायंत्रवाली बाहेर काढली, तोलून पाहिली आणि परत ठेवली.

"अस्वलाशी कुस्ती आहे का?"

मग त्याने कमरेची आपली सुरी काढून दाखवली. शिंगाची मूठ, छोटंसं पातं. "माझ्या वडिलांची. माणसाला एकच सुरी लागते. मला दुसरी कधी लागली नाही."

धनू घरी येऊन म्हणाला, "एकच सुरी! कसा जगून राहिला असेल बिचारा."

मी मात्र डेलचं ऐकलं आणि पुढच्या सीझनसाठी एकच सुरी घेतली. तळहाताएवढं पातं, टोक किंचित खाली उतरलेलं, ओल्या हातातून सटकणार नाही अशी रबरी मूठ. रंग भगवा, म्हणजे वाळक्या पानांत पडली तरी दिसेल. दुकानदार म्हणाला, "गुलाबीही आहे, बायकांसाठी."

मी म्हटलं, "मग तुमच्या बायकोसाठी ठेवा."

*

आता अविचं सांगते. हा माणूस मासा खात नाही, मटण खात नाही, जंगलात येतो तो घरची चपाती-भाजी घेऊन. पण धार लावावी तर त्याने. आमच्या गॅरेजमध्ये दगडांची उतरंड आहे, खडबडीतपासून काचेसारख्या गुळगुळीतपर्यंत. सुरीच्या कडेला तो काळ्या मार्करने रंग लावतो, दगडावरून एकदा ओढतो, आणि रंग कुठे निघाला ते भिंगातून पाहतो. मग समाधानाने "हं" म्हणतो. त्या "हं"साठी आम्ही अर्धा तास थांबतो.

धार आली का ते बघायची त्याची पद्धत म्हणजे डाव्या हातावरचे केस. सुरी नुसती फिरवायची, केस उडाले पाहिजेत. मासे सोलायची लवचिक सुरी, धनूच्या साऱ्या सुऱ्या, माझी भगवी, सगळ्यांची परीक्षा त्या एका हातावर. जूनपर्यंत अविचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत.

वार्षिक तपासणीला गेला तर डॉक्टरणीने हात उलटापालटा करून पाहिला. "हे कधीपासून होतंय? खाज आहे का? दुसरीकडे कुठे पसरलंय?"

अवि म्हणाला, "नाही, पुढच्या महिन्यात उजव्यावर जाईन."

घरी आल्यावर मात्र त्याची नजर धनूच्या हातांवर गेली. धनूचे हात म्हणजे अस्वल. तेव्हापासून धनू ऐन जुलैत आमच्या गॅरेजमध्ये फुल शर्ट घालून येतो आणि मनगटाची बटणं लावतो.

पण त्याच धारेने घात केला. सराव म्हणून मी दुकानातून मोठी हाडं आणली आणि भगवी सुरी सांध्यात घातली. कडेचे टवकेच उडाले. पातळ धार माशाला चालते, हाडाशी गाठ पडली की टिकत नाही. फिरायला निघालेला डेल कुंपणापलीकडून बघत होता.

"हरण सोलायचंय की हरणाची दाढी करायचीय?"

अविने मान खाली घातली. मग कोन वाढवून जाडसर धार लावली, आणि बारीक दगडापर्यंत न जाता मधल्याच दगडावर थांबला. अर्धवट भाजलेली पोळी पानात वाढावी लागली असा त्याचा चेहरा झाला होता. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. मला काय, सुरी कापत होती.

*

हाडांनंतर मासे. हात बसावा म्हणून आम्ही दर वीकेंडला जवळच्या तलावावर जायचो. तिथे मासे साफ करायला पार्कने मोठं स्टीलचं टेबल ठेवलंय, नळासकट. लोक रांगेने उभे राहून ट्राउट साफ करतात.

आईला ट्राउटचं कौतुक नाही. "गोड्या पाण्यातलो मासो," ती म्हणते, "म्हणजे भिजलेलो पाव." तरी येते, कारण मासा साफ करायचा तर तिने, हे ठरलेलं. आम्ही सुऱ्या काढल्या की ती आपली विळी काढते. तिच्या मालवणीत आडाळो. जमिनीवर पाट टेकवायचा, पातं उभं करायचं, पाटावर पाय ठेवून बसायचं, आणि मासा दोन्ही हातांनी धरून पात्यावर आणायचा.

धनूने एकदा तिला विचारलं, "मावशी, सुरी का नाही घेत? किती सोपी आहे."

आई म्हणाली, "सुरी नाचता. आडाळो हलना नाय. मासो आडाळ्याकडे येता."

तर एका रविवारी ती टेबलाच्या शेजारी गवतावर बसून ट्राउट कापत होती. पार्कची रेंजर आली. चांगली मुलगी होती, नम्रपणे बोलली. तिने मला सांगितलं, "मॅम, त्यांना सांगाल का? मासे फक्त टेबलावर साफ करायचे, जमिनीवर नाही. स्वच्छतेचा नियम आहे."

मी आईला सांगितलं. माझी तयारी होती वाद घालायची, बाह्या सरसावल्याच होत्या. आईने वाद घातला नाही. शांतपणे उठली, विळीची घडी केली, नऊवारी नव्हे, पण पाचवारीचा काचा मारला, आणि अविला म्हणाली, "जावयबापू, हात देवा."

अविने हात दिला. आई टेबलावर चढली. मधोमध बसली, विळी उघडली, पाटावर पाय ठेवला आणि पुढचा ट्राउट मागितला.

रेंजरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "टेबलावरच आहे ना?"

ती बिचारी टेबलाच्या चारही पायांकडे बघून म्हणाली, "हो. आहे."

*

इथल्या मराठी मंडळाचाही एक किस्सा आहे. मी ट्राउटचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले, तर एका पदाधिकाऱ्यांचा फोन. माझ्याशी बोलायचं धाडस नाही, म्हणून अविला.

"अविनाशराव, तुमच्यासारख्या माणसाने हे नॉनव्हेज सोडायला हवं."

"मी कधी धरलंच नाही."

"मग घरात एवढ्या सुऱ्या कशाला?"

"धार लावायला."

"धार कशाला?"

"सुरी बोथट होते म्हणून."

"अहो, पण बोथट होते कशाने?"

"ते रेखाला विचारा," अवि म्हणाला आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडून फोन बंद झाला.

मग मी रोज सकाळी ग्रुपवर एका सुरीचा फोटो टाकायला लागले. नुसती सुरी, मासा नाही, रक्त नाही, खाली 'शुभ प्रभात'. गणपतीपर्यंत टाकत होते. कोणीही मला ग्रुपमधून काढलं नाही. हिंमतच नव्हती कोणाची.

*

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. मालवणला बाबा कोयता, कुऱ्हाड, गळ, सगळं मांडायचे. आई म्हणाली, "हत्यारां घरात आसत, मग पूजा नको?"

डायनिंग टेबलावर पांढरा कपडा घातला, सगळ्या सुऱ्या ओळीने ठेवल्या. धनूची पेटी रिकामी झाली. माझा क्रॉसबो, अविचे दगडसुद्धा. आईने हळद-कुंकू पाण्यात कालवून प्रत्येक पात्यावर बोट ओढलं आणि वर ओली झेंडूची फुलं ठेवली. आमच्या घरचा नियम असा की पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. इथे आपटा नाही, म्हणून आम्ही रेडबड नावाच्या इथल्या झाडाची पानं वाटतो.

दुसऱ्या दिवशी फुलं उचलली आणि अवि मटकन खुर्चीत बसला. जिथे जिथे ओलं बोट लागलं होतं, तिथे तिथे गंज. धनूच्या चांगल्या कार्बन स्टीलच्या सुऱ्यांवर नारिंगी ठिपके, त्यावर पिवळा डाग, त्यावर लाल.

"अबे, हे काय होऊन बसलं बाप्पा," धनू म्हणाला. जगात कुठल्याही शिकाऱ्याच्या सुऱ्या या कारणाने गंजल्या नसतील.

नेमका तेव्हाच डेल आला. सीझन सुरू झाला होता, आमच्या सुऱ्या बघायला आला होता. त्याने ती ओळ पाहिली.

"हे काय केलंत?"

"पूजा," मी म्हटलं. "वर्षभर आमच्यासाठी राबतात. एक दिवस आम्ही त्यांना सुट्टी देतो, नमस्कार करतो." तो हसला असता तर मी त्याला दाराबाहेर काढणार होते, रान गेलं तरी चालेल.

तो हसला नाही. ठिपक्यांवर अंगठा फिरवत म्हणाला, "मी नुसतं तेल लावतो."

एवढं बोलून गेला. अवि पुढचा आठवडाभर गंज घासत होता.

*

माझं पहिलं हरण त्यानंतर थोड्याच दिवसांत पडलं. सकाळची वेळ, ओढ्याच्या अलीकडे, एकाच बाणात. झाडावर बांधलेल्या शिकारीच्या बैठकीवरून मी खाली उतरले. आणि वर पाहिलं तर कुंपणाशी डेल. हाताची घडी घालून उभा. मदतीला नाही, हाक कधी येते ते ऐकायला.

फोन करून अविला बोलावलं. त्याला बोलावणं म्हणजे हाक नव्हे, तो घरचा. तो दगड आणि चामड्याचा पट्टा घेऊन आला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याला बघवत नाही. पण गेला नाही.

दोन बोटांच्या बेचक्यात टोक वर धरून पोटाची कातडी उघडायची. शिकताना सोपं वाटलं होतं. प्रत्यक्षात ते गरम होतं, जड होतं, आणि माझ्या डोळ्यांत घाम की पाणी ते कळत नव्हतं. त्या हरणाचं मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणूनच ते वाया जाऊ द्यायचं नव्हतं. सुरी हाडाशी बोथट झाली की मी शेजारच्या ओंडक्यावर ठेवायची. हातात द्यायची नाही, हातात सुरी दिली की भांडण होतं. अवि मागे न बघता चाचपून उचलायचा, धार लावायचा, परत ओंडक्यावर ठेवायचा. किती वेळा झालं देव जाणे. मध्ये एकदा मी रागाने म्हटलं, "लवकर कर ना!" तो पाठमोराच म्हणाला, "घाईने धार येत नाही, रेखा." बघा, भांडण होणारच होतं, ते ओंडक्याने वाचवलं.

दुपार झाली. सगळं नीट निघालं, कुठे काही फुटलं नाही. मी हात पुसत कुंपणाशी गेले. डेल तिथेच होता.

"मला यातला पाव वेळ लागतो," तो म्हणाला.

"पण मी हाक मारली नाही."

त्याने मान हलवली. "नाही मारलीस."

घरी येऊन मी अंघोळीत भरपूर रडले, आणि मग जेवले.

*

आता शेवटचा.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी. या खेपेला आम्ही शहाणे झालो होतो. सुऱ्यांना आधी तेल, कुंकू फक्त मुठीला, फुलं कोरडी. अविने उत्साहाच्या भरात स्वयंपाकघरातलं जे जे कापतं ते ते मांडलं, भाजीच्या सुऱ्या, सालकाढणं, पिझ्झा कापायचं चाकसुद्धा. फक्त विळी आईने दिली नाही. "दसऱ्याचा जेवण काय दातांनी चिरू?"

दारावर टकटक झाली. डेल. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. त्याने टॉवेल उघडला. वडिलांची सुरी, शिंगाची मूठ, वर्षानुवर्षांच्या धारेने झिजून अरुंद झालेलं पातं.

टेबलाकडे बघत म्हणाला, "आणखी एकीला जागा आहे का?"

मी काही बोलायच्या आत आईने धनूची होकायंत्रवाली बाजूला सरकवली आणि मधोमध जागा केली. डेलने सुरी ठेवली. आईने मुठीला कुंकू लावलं, त्याच्या कपाळालाही लावलं, आणि पुरणपोळी वाढली. त्याने तीन खाल्ल्या. मग उठला, आभार मानले, आणि सुरी घ्यायला हात पुढे केला.

आई आडवी आली. "उद्या. सोनां वाटल्यार."

मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "पण उद्या पहाटे मी झाडावर असणार."

"अस की."

"सुरीशिवाय?"

"तुझ्या रानात तुझा नियम, डेल. आमच्या घरात आईचा."

त्याने आईकडे पाहिलं. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. तो कपाळावर कुंकू घेऊन तसाच घरी गेला.

दसऱ्याच्या सकाळी आई खाली बसून भोपळा चिरत होती, धनू जेवायला म्हणून भल्या सकाळीच आला होता. माझा फोन वाजला. डेल.

"रेखा, मोठा पाडलाय. एवढी शिंगं मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती."

"अभिनंदन."

"माझ्याकडे सुरी नाही."

"माहीत आहे."

"घरात आहे ती ब्रेड कापायची, तिने लोणीसुद्धा कापलं जात नाही. तू एखादी घेऊन ये ना."

मी विचारलं, "डेल, ही हाक आहे का?"

"रेखा, जमीन माझी आहे."

"नियमही तुझाच आहे."

मग तो म्हणाला, "हो. हाक आहे."

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. फोन ठेवला आणि टेबलाकडे वळले, तर आई म्हणाली, "हात लावून तर बघ."

"आई, हरण खराब होईल."

"सोनां वाटूक नाय अजून."

धनूकडे पाहिलं. एरवी देव न मानणारा माणूस, दोन पावलं मागे सरकला. "मी नाही उचलणार वहिनी. मागच्या वर्षी नुसतं पाणी लागलं तर गंज चढला."

आईने भोपळ्याच्या फोडी ताटात सारल्या. विळी धुतली, पुसली, घडी केली. साडीवर अविचं जाकीट चढवलं, पायात माझे बूट घातले.

"चला," ती म्हणाली.

डेल ओढ्यापाशी ओकच्या बुंध्याशी बसला होता. बाजूला हरण, डेलपेक्षा जड. आम्ही चौघं येताना दिसल्यावर तो उठला. त्याने माझ्या कमरेकडे पाहिलं, सुरी नाही. धनूकडे पाहिलं, एवढ्या सुऱ्यांच्या मालकाचे दोन्ही हात खिशात. अवि तर आल्या आल्या पाठ करूनच उभा राहिला.

आईने सपाट जागा बघितली. पायाने पानं बाजूला केली. विळी उघडली, पाट टेकवला, पातं उभं केलं, पाटावर पाय ठेवून बसली. डेलला वाटलं, ती आता पातं काढून त्याला देईल. त्याने हात पुढे केला.

आईने त्या हाताकडे पाहिलं. मग हरणाकडे. मग माझ्याकडे.

"तेका सांग, आडाळो हलूचो नाय. हरण हंय हाड."

मी एक शब्दही न बदलता सांगितलं, विळी हलणार नाही, हरण इकडे आण.

डेलने हरणाकडे पाहिलं. विळीकडे पाहिलं. मधलं अंतर पाहिलं. मग टोपी काढून ओंडक्यावर ठेवली, दोन्ही तळहातांवर थुंकला आणि वाकून शिंगं धरली.